हर्निया नव्हता

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात महिला मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय 'आरोग्य आणि आपण' असा छापला आहे. चूक सेक्रेटरींची नाही. त्यांनी फोनवर विषय विचारला तेव्हा खरा विषय सांगायला माझी जीभ रेटेना, म्हणून मी हे गुळमुळीत नाव देऊन टाकलं. पण आज बोलायचंच असं ठरवून आले आहे, तेव्हा सरळ सांगते.

दोन वर्षांपूर्वी आषाढात माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं, असं तुमच्यापैकी बहुतेक जणींना माहीत आहे. कितीजणी भेटायला आलात, फुलं आणलीत, फळं आणलीत. हर्निया नव्हता. ते वजन कमी करण्याचं ऑपरेशन होतं, बॅरिएट्रिक सर्जरी म्हणतात ते. माझी उंची पाच फूट एक इंच आणि तेव्हा वजन ११२ किलो. मधुमेह अकरा वर्षांचा, त्यातली शेवटची तीन वर्षं इन्सुलिनवर. रात्री झोपेत श्वास अडकायचा म्हणून नाकावर मशीन लावून झोपत होते. बँकेत दुसऱ्या मजल्यावर माझं टेबल होतं, तिथे पोचेपर्यंत दोनदा थांबावं लागे आणि थांबल्याचं कोणाला कळू नये म्हणून मोबाइल काढून बघत उभी राहायची.

आता खोटं का सांगितलं? लाज वाटली. हृदयाचं ऑपरेशन झालं तर माणसं म्हणतात, बिचारीच्या नशिबी आलं. वजनाचं झालं तर म्हणतात, तोंडावर ताबा नाही म्हणून पोट कापून घेतलं. मी स्वतःसुद्धा दुसऱ्या एकीबद्दल असं बोललेली आहे, याच हॉलमध्ये, चहा पिताना. मग माझ्याबद्दल काय बोललं जाईल ते मला पाठच होतं. शिवाय हे इंदूर. इथे माणूस सकाळी पोहे-जिलेबी खाऊन उठतो आणि रात्री सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाऊन झोपतो. इथे पोट लहान करून घेतलं असं सांगणं म्हणजे पंढरपुरात जाऊन मी विठ्ठलाला मानत नाही असं सांगण्यासारखं.

त्यामुळे खरं फक्त दोघांना माहीत होतं, यांना आणि पुण्याच्या मुलाला. सासूबाईंना नाही. एका घरात, एका स्वयंपाकघरात राहून नाही. ही माझी मोठी चूक. तीच सांगायला आज उभी आहे.

आधी ऑपरेशन काय असतं ते थोडक्यात सांगते. माझं स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी झालं. पोटावर चार-पाच बारीक भोकं पाडून दुर्बिणीने जठराचा साधारण तीन-चतुर्थांश भाग कापून काढतात आणि उरलेल्याची केळ्यासारखी अरुंद नळी राहते. कापलेल्या कडेला बारीक स्टेपलची ओळ असते, ती शिवण समजा. काढून टाकलेल्या भागात भुकेचं एक हार्मोन तयार होतं, तेही कमी होतं, म्हणून सुरुवातीला भूक फारशी लागत नाही. दुसरा प्रकार बायपास, त्यात जठराची छोटी पिशवी करून ती पुढे आतड्याला जोडतात. कोणाला कोणतं करायचं ते डॉक्टर ठरवतात, त्यात मी पडत नाही.

हॉस्पिटलमध्ये तीन दिवस होते. पहिल्याच संध्याकाळी नर्सने उठवून चालवलं. मला वाटलं होतं आठ दिवस पडून राहायचं. पण पडून राहिलं की पायात रक्ताची गुठळी होण्याची भीती असते, ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. म्हणून चालणं आणि रक्त पातळ करण्याचं इंजेक्शन. तीन चेंडूंचं एक प्लास्टिकचं खेळणं देतात, ओढून श्वास घ्यायचा आणि चेंडू वर उचलायचे. पहिल्या दिवशी माझा एक चेंडू हलत नव्हता.

घरी आले आणि खरं ऑपरेशन तिथे सुरू झालं.

पहिले दोन आठवडे फक्त पातळ. वरणाचं गाळलेलं पाणी, नारळपाणी, पातळ ताक, प्रोटीनची पावडर. तेही वाटी तोंडाला लावून नाही. एक घोट, मग थांबायचं, मग दुसरा. दिवसभरात दीड लिटर पाणी पोटात जायला हवं आणि एका वेळी जातं दोन चमचे. हिशेब करा, म्हणजे दिवसभर दुसरं कामच नाही. यांनी टेबलावर औषधाचा छोटा प्लास्टिकचा पेला ठेवला होता, तीस मिलिलिटरचा. तो पेला पंधरा मिनिटांत संपवायचा, की पुढचा. यांनी कॅलेंडरच्या मागे रेघा मारून मोजदाद ठेवली. पन्नासावी रेघ काही केल्या यायची नाही.

एक गंमत सांगते. हॉस्पिटलच्या आहारतज्ज्ञ बाई बाहेरगावच्या होत्या. त्यांनी दिलेल्या कागदावर पातळ पदार्थांत 'शिकंजी' लिहिलं होतं. त्यांच्याकडे शिकंजी म्हणजे लिंबाचं सरबत. आणि आपल्या इंदूरची शिकंजी तुम्हाला माहीत आहे, दुधाची, घट्ट, सुक्या मेव्याची, चमच्याने खायची! हे भाबडेपणाने मोठा ग्लास घेऊन आले. मुलाने पुण्याहून व्हिडिओ कॉलवर तो ग्लास बघितला आणि ओरडला म्हणून वाचले. ती शिकंजी यांनीच संपवली, फुकट कशाला घालवायची म्हणून.

पण सासूबाई. त्या ८१ वर्षांच्या. आमचं रामबागेतलं जुनं घर त्यांच्याच हातावर चालत आलं आहे. त्यांच्या हिशेबाने हर्नियाचं ऑपरेशन म्हणजे पोटाला टाके, आणि टाके भरायचे तर अंगात तूप गेलं पाहिजे. त्यांनी घरात बाळंतपणं काढली, आजारपणं काढली. आजारी माणूस खायला लागला की बरा होतो, एवढं त्यांचं साधं वैद्यक. रोज मऊ भात, त्यावर तुपाची धार. मी म्हणायची, 'आई, डॉक्टरांनी पातळच सांगितलंय.' त्या म्हणायच्या, 'अगं, समोरच्या काकांचं हर्नियाचं झालं, ते तिसऱ्या दिवशी पोळी खात होते.' यावर मी काय उत्तर देणार? माझ्या खोट्याने माझंच तोंड बांधलं होतं. त्या आत गेल्या की मी भात कागदात गुंडाळून ठेवायची आणि हे रात्री बाहेर टाकून यायचे. चोपन्नाव्या वर्षी सासूच्या हातचा भात चोरून टाकायची वेळ आली. अन्न टाकताना काय वाटत होतं ते सांगत नाही.

अकराव्या दिवशी वन्सं आल्या देवासहून. पावसाळ्यात डिंकाचे लाडू कोणी करत नाही. त्यांनी केले, माझ्यासाठी, रात्री जागून. डबा उघडला, एक लाडू हातात दिला आणि समोर बसल्या. आपल्याकडचा आग्रह तुम्हाला सांगायला नको. ताटावर हात आडवा धरला तरी बोटांच्या फटीतून वाढतात. मी म्हटलं, नंतर खाते. त्या म्हणाल्या, 'माझ्यासमोर खा, माझ्या जिवाला बरं वाटेल.' सासूबाई म्हणाल्या, 'अर्धा तरी खा गं, टाके भरतील.' दोघींचे चेहरे बघितले आणि खाल्ला. अर्धाच.

पाच मिनिटांत छातीच्या मधोमध दगड बसल्यासारखं झालं. घाम फुटला. बाथरूममध्ये जाऊन उलटी झाली. ती थांबेना. रात्रभर, मग दुसऱ्या दिवशीही. पाण्याचा घोट घेतला की परत. हॉस्पिटलचा नंबर फ्रिजवर लावलेला होता, काही झालं तर कधीही फोन करा असं दहा वेळा बजावलं होतं. मी केला नाही. फोनवर काय सांगू, लाडू खाल्ला? पुन्हा लाज. हे आडून आडून विचारत होते, त्यांनाही मी म्हटलं, जरा पित्त झालंय. तेराव्या दिवशी पहाटे उठले आणि बाथरूमच्या दारात कोसळले. सासूबाईंनी आवाज ऐकला.

हॉस्पिटलमध्ये नेलं तेव्हा नाडी १३० होती. डॉक्टरांना पहिली भीती शिवण उसवल्याची. तिथून गळती झाली तर पोटात पू होतो आणि माणूस जाऊ शकतो. स्कॅन केला. नशिबाने शिवण शाबूत होती, आत सूज आली होती आणि अंगातलं पाणी संपलं होतं. सलाइन लावलं, त्यात आधी व्हिटॅमिन बी-१ दिलं. मी विचारलं, हे कशाला? तर म्हणाले, सतत उलट्या होत राहिल्या की अंगातला बी-१ चा साठा थोड्या आठवड्यांत संपतो आणि मग मेंदूवर, नसांवर परिणाम होतो, कधी कायमचा. आणखी काही दिवस असंच 'पित्त पित्त' म्हणत काढले असते तर आज इथे उभं राहून नीट बोलता आलं असतं की नाही, कोण जाणे.

माझ्यापासून एक एवढं घ्या. घरात कोणाचं असं ऑपरेशन झालं असेल तर ताप, सुटीत बसूनही नाडी १२० च्या वर राहणं, पोटात वाढत जाणारं दुखणं, डाव्या खांद्यात कळ, धाप, एका पायाची पोटरी सुजून दुखणं, किंवा दिवसभर पाणीसुद्धा न ठरणं, यांतलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका. पित्त आहे, गॅस आहे, ओवा खाऊन बघू, असं करू नका. आणि दुखतंय म्हणून घरातली नेहमीची गोळीही मनाने घेऊ नका, त्यातल्या कित्येक जठराला जखम करतात.

त्या दुपारी वॉर्डात सासूबाई माझ्याशेजारी बसल्या होत्या. डॉक्टर राउंडला आले आणि त्यांच्यासमोरच म्हणाले, 'स्लीव्हच्या पेशंटने असं खायचं नसतं.' झालं. डॉक्टर गेल्यावर आईंनी विचारलं, 'स्लीव्ह म्हणजे काय?' मी सगळं सांगितलं. मला वाटलं, त्या ऑपरेशनवरून बोलतील. त्यावर एक शब्द बोलल्या नाहीत. खिडकीकडे बघत म्हणाल्या, 'म्हणजे तेरा दिवस मी तुला विष देत होते आणि तू मला सांगितलं नाहीस.' मग बराच वेळ गप्प. मला चाळीस वर्षांत, माहेरी आणि सासरी मिळून, इतकं कोणी लागेल असं बोललं नव्हतं. आणि ते खरं होतं.

घरी आल्यावर त्यांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. आहारतज्ज्ञ बाईंचा कागद मला मोठ्याने वाचायला लावला, दोनदा. मग देवघराच्या खालच्या कपाटातून एक वाटी काढली. चांदीची, एवढीशी. यांच्या उष्टावणाची. म्हणाल्या, 'सहा महिन्यांच्या पोराचं पोट एवढंच असतं. त्याला कोणी लाडू देतं का? मला आधीच सांगितलं असतंस, की पोट बाळाएवढं केलंय, तर मला सगळं येत होतं.' आणि खरोखर त्यांना सगळं येत होतं. तिसऱ्या आठवड्यापासून घोटलेलं, मऊ खायचं होतं. मुगाचं वरण घोटून गाळणीतून, दुधी वाफवून कुस्करलेला, घरचं टांगलेलं दही. त्या वाटीत, लहान चमच्याने. एक घास झाला की चमचा खाली ठेवायला लावायच्या. जेवताना पाणी नाही, नंतर अर्धा तास नाही. मी पेल्याला हात लावला की घड्याळ दाखवायच्या.

प्रोटीनचा प्रश्न शाकाहारी घरात अवघड असतो. दिवसाला साठ ग्रॅम तरी हवं आणि पातळ वरणाच्या वाटीत जेमतेम पाच-सहा ग्रॅम. पोटात जागा तर नाही. म्हणून आधी पनीर, दही, डाळ खायची, पोळी-भात जागा उरली तर. आपल्या ताटाची सगळी मांडणीच उलटी. मऊ पोळी आणि भात तर मला कितीतरी महिने अडकायचा, पिठाचा गोळा होऊन बसायचा. पोह्यांचंही तेच. इंदूरमध्ये राहून पोहे अडकतात, यापेक्षा मोठी शिक्षा नाही. या काळात आमचे हे रोज फिरायला जातो म्हणून बाहेर पोहे-जिलेबी खाऊन यायचे, माझ्यासमोर नको म्हणून. शर्टाला वास यायचा. मला राग नाही यायचा, पण एकदा तो वास घेऊन मी गच्चीत जाऊन रडले. खाणं ही माझी मैत्रीण होती. बँकेत त्रास झाला की तिच्याकडे जायची, मुलगा पुण्याला गेला तेव्हा तिच्याकडेच गेले. ती एकाएकी गेली, आणि तिच्यासाठी कोणी भेटायला येत नाही. दुसऱ्या महिन्यात ते फार अंगावर आलं. हॉस्पिटलच्या समुपदेशक बाईंकडे चारदा गेले. जायला हवं होतं त्याआधीच.

साखर मात्र पहिल्याच आठवड्यात खाली आली. इन्सुलिन डॉक्टरांनी हॉस्पिटलमध्येच बंद केलं, ब्लड प्रेशरची गोळी पुढे अर्धी केली कारण उठताना चक्कर यायची. हे आपल्या मनाने करायचं नाही, पण घरी रोज मोजून सांगावं लागतं, नाहीतर जुना डोस नव्या अंगाला जड होतो. घरकामाचं म्हणाल तर सहा आठवडे जड उचलायचं नाही. पाण्याची बादली नाही, गॅसची टाकी नाही, नातवंडंसुद्धा नाहीत. तीन आठवड्यांनी बँकेत रुजू झाले.

चौथ्या महिन्यात केस गळायला लागले. फणी फिरवली की गुंता हातात. मी घाबरले, पण हे ठरलेलंच असतं, वजन झपाट्याने उतरलं की होतं आणि सहसा परत येतात. माझे आले, पूर्वीइतके दाट नाहीत. गोळ्या मात्र जन्माच्या. बी-१२, लोह, कॅल्शियम, डी, आणि लोह-कॅल्शियम एकाच वेळी नाही, मध्ये दोन तास हवेत. दर सहा महिन्यांनी रक्त तपासायचं. एकीने मला विचारलं, वजन उतरलं ना, आता गोळ्या कशाला? बाई, जठर परत उगवत नाही.

वजन चौदा महिन्यांत ११२ चं ७९ झालं. आता ८१ आहे, दोन किलो परत आलेत, शेव आणि फरसाण चघळत राहिलं की या छोट्या पोटातूनही सरकत जातं. ऑपरेशनने माझा स्वभाव कापला नाही. नाकाचं मशीन सुटलं. मागच्या चैत्रात खजराण्याला गणपतीच्या तीन प्रदक्षिणा घातल्या, सलग. पूर्वी मी गाडीतच बसून राहायची आणि चपला सांभाळते म्हणायची.

त्या पहिल्या वर्षीचा गणपती ऑपरेशननंतर दोन महिन्यांनी आला. नैवेद्याला एकवीस मोदक असतात. आईंनी पान वाढलं, मी आरतीचं तबक घेऊन गेले तर ताटाच्या कडेला बाविसावा मोदक होता. सुपारीएवढा. पाकळ्या सगळ्या नीट, कळीसुद्धा. एवढा लहान मोदक वळायला किती वेळ लागतो ते तुम्हाला माहीत आहे, आणि त्यांच्या हाताला कंप आहे. तो मी चार घासांत, वीस मिनिटांत खाल्ला. कोणी आग्रह केला नाही.

आता एकच राहिलं. वन्सं आज इथे आहेत, तिसऱ्या रांगेत. डिंकाच्या लाडवाने काय झालं ते त्यांना आम्ही कोणीच सांगितलं नव्हतं. आईंनीच बजावलं होतं, तिला सांगू नका, ती परत कधी कोणासाठी काही करणार नाही. पण इथे बोलायचं ठरल्यावर त्यांना आधी सांगणं भाग होतं. काल रात्री सांगितलं. दहा मिनिटं काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, 'बोल तू, पण देवासचं नाव घेऊ नकोस.' ते मघाशीच घेऊन झालं. वन्सं, माफ करा. चूक लाडवाची नव्हती. या दिवाळीत करा, डॉक्टरांना विचारलंय, आता चालतो. अर्धा.

ज्यांना काही विचारायचं असेल त्यांनी आरतीनंतर या, मी मागे खुर्च्यांपाशी थांबते. सगळ्यांसमोर विचारायला नको असेल तर फोन करा, घरी या.